लखनौच्या वाफ्यात स्ट्रॉबेरीच का?
लखनौची थंडी फसवी. जानेवारीत धुक्याने दिवस काळवंडतो, पण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे इथे बेरी निवडताना हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्याचाच विचार करावा लागतो. रास्पबेरीच्या बहुतेक जातींच्या फांद्या दुसऱ्या वर्षी फळतात, त्यासाठी दीर्घ थंडी मागतात आणि मधला उन्हाळा त्यांना सोसावाच लागतो. स्ट्रॉबेरीही मुळात बहुवर्षायूच. पण ऑक्टोबरात रोप लावून फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ घ्यावे आणि ऊन तापले की वाफा मोकळा करावा, एवढी सवलत ती देते. मलिहाबादच्या दशहरी आंब्याने या भागाची जमीन आणि प्रतिष्ठा दोन्ही कधीच अडवून ठेवली आहे. १९७२ मध्ये लखनौत सुरू झालेले केंद्रीय संशोधन केंद्रही आंब्याचेच होते. त्याचीच पुढे उपोष्ण फळबागांची राष्ट्रीय संस्था झाली. अशा मुलखात नव्या फळाला मिळते ती आंब्याच्या हंगामाआधीची फट, आणि स्ट्रॉबेरी तिच्यात नेमकी मावते. उत्तर प्रदेशाने २०२१ च्या जानेवारीत स्ट्रॉबेरी महोत्सव भरवला तोही रखरखीत झाशीत!

महाबळेश्वरात रास्पबेरीही पिकते, मग लखनौत का नको, असे कोणी विचारील. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, लखनौ जेमतेम १२० मीटरवर. तिथला उन्हाळा झुडपाला जगू देतो. इथे मात्र सावली आणि पाणी पुरवून ते जगवले, तरी फळासाठी लागणारी लांब थंडी कुठून आणणार?