साडेबाराच्या सुमारास

बुधवार, 21 एप्रिल 2021, सकाळ. रामनवमी. नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात सुमारे दीडशे कोविड रुग्ण. 131 ऑक्सिजनवर, 15 व्हेंटिलेटरवर. आवारात 13 हजार लिटरची द्रव ऑक्सिजनची टाकी, नवी. जानेवारीत भंडाऱ्याच्या नवजात कक्षातील आगीत दहा बाळे गेली, तेव्हा रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले होते. आगीसाठी.

दुपार, 12.30च्या आसपास. टँकरमधून टाकी भरताना व्हॉल्व्हमधून गळती सुरू होते. उणे 183 अंशांचा द्रव हवेत येतो, आवार पांढऱ्या ढगाने भरते. तो ढग खरे तर हवेतल्या बाष्पाचा, ऑक्सिजन दिसत नाही. टँकर दारात उभा आहे. तुटवडा नाही, आतल्या नळीत दाब नाही.

पुढची चार-सहा मिनिटे. मेंदूला ऑक्सिजनविना तग धरता येतो तो एवढाच वेळ. व्हेंटिलेटर वीज असेपर्यंत चालतो, पण पाइपलाइनचा दाब घसरला की अलार्म वाजतो आणि टर्बाइनचे यंत्र साधी हवा, 21 टक्के ऑक्सिजनची, ढकलत राहते. गुंगीतल्या रुग्णाला यंत्राशी झगडता येत नाही. जागा असेल तो झगडतो: यंत्र आत लोटते तेव्हा तो श्वास सोडू पाहतो. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायम अरुंद झालेल्या, रुग्णाचे हाल वेगळे. त्याचा श्वास बाहेर पडायलाच वेळ लागतो. घाईने पुढचा श्वास घेतला की आधीचा आतच अडकतो, फुफ्फुस फुगत जाते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते. हे सगळे पडद्यावरच्या आलेखात दिसते, पण तो पाहायला खाटेजवळ माणूस हवा. त्या वेळी माणसे सिलिंडरमागे धावत होती, नातेवाईकसुद्धा.

जंबो सिलिंडरमध्ये सुमारे 7 हजार लिटर. मास्कवर मिनिटाला 15 लिटर धरले तर पावणेआठ तास पुरतो, हाय-फ्लो नळीवर 60 लिटर धरले तर दोन तासही नाही. आधी तो खाटेपर्यंत पोचायला हवा.

अग्निशमन दल आले, तंत्रज्ञांनी गळती थांबवली. अधिकृत सांगण्यानुसार पुरवठा सुमारे अर्धा तास विस्कळीत होता.

त्याच दिवशी, संध्याकाळ. मृत 22.

नंतर. मृत 24. चौकशी समिती, पाच लाखांची मदत, अज्ञातांवर गुन्हा.

23 एप्रिल, पहाट, तीन वाजून गेलेले. विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागते.