मिलोची भाकरी : बहात्तरच्या दुष्काळात अमेरिका आपल्या ताटात आली तेव्हा

आपल्या शिरूर कासार तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही "मिलो" हा शब्द ऐकवून बघा. आधी माणूस तोंड वाकडं करतो, मग हसतो, आणि मग बोलायला लागला की थांबत नाही. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी म्हणजे मिलो.

त्या काळी ताट साधं होतं. खरिपाची बाजरी, रब्बीची ज्वारी, सोबत ठेचा नाहीतर येसराची आमटी. गव्हाची पोळी सणालाच. पावसानं सलग दगा दिला, कणग्या रिकाम्या झाल्या आणि माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच काळात उभी राहिली. कामावर सुकडी वाटली जायची. मजुरी मिळाली तरी घ्यायला धान्य हवं ना! ते समुद्रापलीकडून आलं.

आता गंमत बघा. मिलो काही परक्या जातीचं धान्य नव्हतं. ती ज्वारीच, आपल्या शाळूची सख्खी चुलत बहीण. ज्वारीचं मूळ आफ्रिकेत. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली, आणि अमेरिकेत पोचली ती गुलामांच्या व्यापाराच्या काळात. आपण तिची भाकरी केली, हुरडा केला, कण्या शिजवल्या, कडबा जनावराला घातला. अमेरिकेनं कान्सास-टेक्सासच्या कोरड्या मैदानात ती पेरली आणि दाणाच जनावराला घातला. तिथं गोमांसाला मान, म्हणून ज्वारी पोटात जायची ती गुराच्या मार्फत. केंटकी-टेनेसीच्या डोंगराळ मुलखात मात्र गोड धाटांच्या ज्वारीची काकवी करतात आणि पावासोबत खातात. त्यांच्या यादवी युद्धात दक्षिणेची साखर बंद झाली तेव्हा उत्तरेकडच्या लोकांनी याच काकवीवर भागवलं. म्हणजे अडचणीत ज्वारीच कामाला येते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तर तिकडचा जनावरांचा दाणा इकडं माणसांच्या तव्यावर आला. म्हातारी माणसं सांगतात, भाकरी लाल व्हायची, थापताना चिरायची, गार झाली की घास फिरायचा. पण खरा सल चवीचा नव्हताच. "आपल्याला ढोराचं खाणं दिलं" ही गोष्ट मनाला लागली होती. भूक इतकी होती की कुणी नाकारली नाही, आणि स्वाभिमान इतका की पन्नास वर्षांनीही कुणी विसरलं नाही. माझ्या मते आपल्या मुलखाचा स्वभाव या एका भाकरीत जेवढा दिसतो तेवढा कुठल्याही भाषणात दिसत नाही.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते. मिलो आपल्याकडं बहात्तरच्या आधीच येऊन बसली होती, हायब्रीडच्या पोटात. टेक्सासमधल्या संशोधकांनी १९५४ मध्ये मिलो आणि काफिर या दोन ज्वाऱ्यांच्या संकरातून नरवंध्य वाण मिळवण्याची वाट शोधली. त्यामुळं संकरित बियाणं मोठ्या प्रमाणावर करता आलं. आपल्याकडं १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित ज्वारीची मादी अमेरिकेचीच होती. हायब्रीडनं पोती भरली हे खरं. पण पीक काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडायचा, आणि ठेंगण्या धाटामुळं कडबाही कमी. म्हणून घरात दोन ज्वाऱ्या झाल्या. हायब्रीड रोजची, मालदांडी पाहुण्यांची.

आणि आता? ज्वारीचं रान कापसानं आणि सोयाबीननं घेतलं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असं लिहिलं होतं, आता तर धान्य मोफतच आहे. पण पिशवीत येतो मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी आली तर कधीमधी. दसऱ्यानंतर आपले कोयते निघतात, तेव्हा ट्रॅक्टरमध्ये संसार भरताना बाजरी-ज्वारीचं पोतं आधी चढतं. पहाटे थंडीत कोपीपुढं चुलीवर थापलेली भाकरी फडात दुपारपर्यंत टिकते. भातानं मोळी उचलायचं बळ येत नाही, असं बायका सांगतात. ते पोतं उचलीच्या पैशातून विकत घ्यावं लागतं. २०२३ हे साल भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा पुण्या-मुंबईच्या हॉटेलात ज्वारीचं कौतुक झालं. चांगलंच आहे. पण ज्या बाईला रोज पंधरा-वीस भाकरी थापायच्या आहेत तिच्या कार्डावर ज्वारी नेमानं का नसावी? हमीभावानं इथंच खरेदी करा, इथंच वाटा. ही मागणी पुढच्या ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे?

तुमच्या घरात मिलोची भाकरी खाल्लेलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसून विचारा आणि खाली लिहा. कोणतं गाव, कोणत्या कामावर होते, भाकरीसोबत काय होतं, सगळं लिहा. ती माणसं आता थोडीच राहिलीत.