स्मार्ट पर्यटन : संकल्पना, साधने आणि मर्यादा

पर्यटनस्थळाविषयीची माहिती डिजिटल तंत्रज्ञानाच्या साहाय्याने सातत्याने गोळा करणे आणि तिच्या आधारे प्रवाशांची सोय, स्थळाचे संरक्षण व स्थानिक रहिवाशांचे हित यांचा मेळ घालणे, या व्यवस्थेस स्मार्ट पर्यटन असे म्हणतात. संकेतस्थळ सुरू करणे किंवा तिकिटांची ऑनलाईन विक्री करणे एवढ्याने ही व्याख्या पूर्ण होत नाही. तो ई-पर्यटनाचा भाग आहे. ई-पर्यटनाचा भर प्रवासापूर्वीच्या व प्रवासानंतरच्या व्यवहारांवर असतो, तर स्मार्ट पर्यटनात प्रत्यक्ष प्रवास सुरू असताना मिळणाऱ्या माहितीला महत्त्व असते.

उलरिके ग्रेटझेल आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी २०१५ मध्ये या संकल्पनेचे तीन घटक मांडले : स्मार्ट पर्यटनस्थळ, पर्यटकाला येणारा स्मार्ट अनुभव आणि परस्परांशी जोडलेले व्यावसायिक. स्पेनमध्ये सेगिटूर ही सरकारी संस्था प्रशासन, नवोन्मेष, तंत्रज्ञान, शाश्वतता आणि सुगम्यता या पाच निकषांवर पर्यटनस्थळांचे मूल्यमापन करते. युरोपीय संघाने २०१९ साठी हेलसिंकी आणि ल्यों या शहरांना स्मार्ट पर्यटनाच्या राजधान्या म्हणून प्रथमच गौरविले.

प्रमुख साधने

गर्दी मोजणारे संवेदक व कॅमेरे, मार्ग दाखविणारी जीपीएस प्रणाली, क्यूआर कोड असलेली प्रवेशपत्रे, वाहतुकीची तत्काळ माहिती देणारी मोबाईल ॲप आणि यंत्राद्वारे भाषांतर ही या व्यवस्थेची प्रमुख साधने होत. भारतात २०१४ मध्ये सुरू झालेली इलेक्ट्रॉनिक व्हिसा सुविधा, २०१६ पासूनची यूपीआय देयक प्रणाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू व वाराणसी विमानतळांवर सुरू झालेली डिजियात्रा यांनी त्यासाठी आवश्यक पाया पुरविला आहे.

नीलगिरीचे उदाहरण

उटी आणि कोडाईकनाल येथील उन्हाळी गर्दीमुळे अरुंद घाटरस्ते, पाणीपुरवठा आणि वन्यजीवन यांवर ताण पडत होता. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून तेथे जाणाऱ्या वाहनांना ई-पास आवश्यक करण्यात आला. प्रारंभी वाहनसंख्येवर मर्यादा नव्हती. नेमकी किती वाहने येतात हे जाणून घेणे, हा त्यामागील उद्देश होता. त्यानंतर एप्रिल ते जून २०२५ या काळासाठी नीलगिरी जिल्ह्यात सोमवार ते शुक्रवार दररोज ६ हजार व शनिवार-रविवारी ८ हजार, तर कोडाईकनाल येथे अनुक्रमे ४ हजार व ६ हजार वाहनांची मर्यादा घालण्यात आली. स्थानिकांची वाहने आणि सरकारी बसगाड्या यांना त्यातून वगळण्यात आले. आधी मोजणी व नंतर निर्णय, हा स्मार्ट पर्यटनाचा क्रम येथे स्पष्ट दिसतो. या मर्यादांचा व्यवसायावर परिणाम होतो, अशी तक्रार स्थानिक व्यापाऱ्यांनी केली होती.

इटलीतील व्हेनिस शहराने २५ एप्रिल २०२४ पासून निवडक २९ दिवशी, मुक्काम न करणाऱ्या प्रवाशांसाठी ५ युरो प्रवेशशुल्क आणि क्यूआर कोड यांची योजना राबविली. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कास पठारावरही फुलांच्या हंगामात ऑनलाईन नोंदणीद्वारे पर्यटकांच्या संख्येवर नियंत्रण ठेवले जाते.

मर्यादा

स्मार्टफोन न वापरणारे ज्येष्ठ नागरिक, इंटरनेटची जोडणी नसलेली गावे आणि इंग्रजी न येणारे प्रवासी या व्यवस्थेबाहेर राहण्याची शक्यता असते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही साहाय्यवाहिनी २०१६ मध्ये हिंदी व इंग्रजीसह बारा भाषांत सुरू झाली. उर्वरित दहा भाषा विदेशी आहेत. मराठी किंवा तमिळ भाषक प्रवाशाला तेथे मातृभाषेचा पर्याय नव्हता.

खासगीपणाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. चेहऱ्याची ओळख आणि मोबाईलचे ठिकाण ही वैयक्तिक माहिती असून तिच्या वापरासाठी भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत करण्यात आला. त्यामुळे ऑनलाईन नोंदणीबरोबरच प्रत्यक्ष खिडकीची सोय, प्रादेशिक भाषांतील सूचना आणि गोळा केलेल्या माहितीच्या वापराविषयीची स्पष्टता या बाबी स्मार्ट पर्यटनाच्या व्याख्येतच अंतर्भूत मानल्या पाहिजेत.