हरताळ, लाख आणि भिंतीवरचा कागद



माजिवड्याच्या नव्या टॉवरमध्ये घर घेतलं की एका तरी भिंतीला वॉलपेपर लावायचाच, अशी रीतच पडली आहे. कुठे सोफ्यामागे, कुठे मुलांच्या खोलीत. पहिली दोन-तीन वर्षं छान दिसतो. मग पावसाळ्यात कडा सुटतात, कोपऱ्यात फुगा धरतो, खोलीला कोंदट वास येऊ लागतो. मग प्रश्न येतो, "हा जुना कागद काढायचा कसा?"

उत्तर खाली सविस्तर दिलं आहे. पण त्याआधी थोडा इतिहास सांगते. भिंतीवर एक थर चढवणं सोपं आणि उतरवणं अवघड, हे माणसाला फार उशिरा कळलं. आपल्या शास्त्रकारांनी मात्र या थरांत जे जे घातलं जातं, त्याची यादी आठ-नऊशे वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.

हरताळ फासणं

मराठीत आपण सहज म्हणतो, "त्याने सगळ्या तत्त्वांना हरताळ फासला." संपाचा हरताळ वेगळा, हा वेगळा. हा हरताळ म्हणजे जमिनीतून निघणारं पिवळंधमक खनिज. हस्तलिखित पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा, तो वाळला की त्यावर नीट अक्षर लिहायचं. आपल्या ज्ञानभंडारातली जुनी कागदी पोथी पाहायला मिळाली, तर मध्येच असे पिवळे पट्टे दिसतात. चुकलेलं झाकून टाकणं म्हणजे हरताळ फासणं.

हा हरताळ विषारी. त्यात आर्सेनिक असतं, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत सोमलाच्या जातीचं विष. हरताळ लावलेल्या कागदाला कसर लागत नाही, त्याचं कारणही हेच.

श्रावकाने जे धंदे टाळायचे ती पंधरा कर्मादानं आपण अतिचारात दरवर्षी ऐकतो. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपाळासाठी योगशास्त्र रचलं. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात या पंधरांचा अर्थ उलगडून सांगितला आहे. विषवाणिज्यात विष आणि शस्त्रांच्या बरोबर हरताळ आहे. लाक्षावाणिज्यात लाखेबरोबर मनशीळ आहे (हेही आर्सेनिकचंच लाल खनिज) आणि नीळही आहे. म्हणजे रंगाचा आणि लेपाचा निम्मा बाजारच त्या यादीत आला. लहानपणी वाटायचं, रंग विकण्यात कसलं पाप? पुढची हकीकत वाचली की यादीचा अर्थ कळतो.

हिरव्या कागदाची हकीकत

युरोपात थंडी फार, दगडी भिंती गार. तिथे भिंतीला कागद लावण्याची चाल पडली. इंग्लंडमध्ये तिचा प्रसार एवढा झाला की १७१२ मध्ये सरकारने छापील वॉलपेपरवर कर बसवला. तो १८३६ मध्ये उठला. त्याच सुमारास छपाईची यंत्रंही आली आणि कागद स्वस्त होऊन साध्या घरांतही पोचला.

लोकांना सगळ्यात जास्त हवा असायचा तो हिरवा रंग. स्वीडनमधल्या कार्ल शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबं आणि आर्सेनिक मिळून एक झगझगीत हिरवा रंग तयार केला. १८१४ च्या सुमारास जर्मनीत त्याहून उजळ हिरवा निघाला. एकोणिसाव्या शतकात हे हिरवे रंग कपड्यांत, खेळण्यांत, कृत्रिम फुलांत आणि घरोघरच्या भिंतींवर होते.

लोक आजारी पडत, मुलं दगावत, आणि डॉक्टरांचा संशय भिंतीवर जाई. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात रॉबर्ट केडझी नावाचे एक डॉक्टर आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १८७४ मध्ये एक वेगळंच पुस्तक काढलं. थोडा मजकूर आणि बाकी सगळी पानं म्हणजे खऱ्या विषारी वॉलपेपरचे ८६ तुकडे. शंभर प्रती करून राज्यातल्या ग्रंथालयांना पाठवल्या, आणि बजावलं की मुलांच्या हाती देऊ नका. पुढे बहुतेक ग्रंथालयांनी त्या नष्ट केल्या. आज मोजक्याच उरल्या आहेत आणि त्या फार जपून हाताळतात.

पण भिंतीवरचं विष माणसाच्या अंगात जायचं कसं? एक वाट म्हणजे कागदावरून झडणारी धूळ. दुसरी वाट इटलीतल्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९० च्या दशकात दाखवली. ओल्या भिंतीवर, कागदामागच्या खळीवर बुरशी वाढते, आणि आर्सेनिक असेल तर ती बुरशी लसणासारख्या वासाचा एक वायू सोडते. पुढे १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये या वायूची नेमकी घडण शोधून काढली गेली. त्या वायूनेच माणसं दगावली का, याबद्दल शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट एवढीच: कागद, पिठाची खळ आणि ओल एकत्र आली की भिंत निर्जीव राहत नाही.

आपल्या भिंती श्वास घ्यायच्या

आपल्याकडे ही चाल का पडली नाही? ठाण्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथल्या जुन्या घरांच्या भिंती चुन्याच्या. खाडीकाठी शिंपले भाजूनही चुना करत. चुना तीव्र क्षारयुक्त असतो, ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही. शिवाय चुन्याचा गिलावा ओल आत कोंडत नाही. पावसात भिंत ओली होते, आश्विनाच्या उन्हात सुकते. मग दिवाळीआधी नवा हात मारायचा, त्यात थोडी नीळ घालायची. जुना थर खरवडायची गरजच नाही, कारण दोन्ही एकाच जातीचे.

पुढे डिस्टेंपर आला, ऑइलपेंट आला, आता प्लास्टिकचा वॉलपेपर आला. आपल्या माजिवड्यानेही हा बदल जवळून पाहिला आहे. इथे गाव होतं, मग कारखाने आले, मग टॉवर. एका नाक्याला आपण आजही गोल्डन डाइज नाका म्हणतो. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं, पण ते नाव रंगाच्या कारखान्यावरून पडलं, हे आपल्या मुलांना ठाऊक नसतं.

अजिंठ्याची लाख

भिंतीवरचा चुकीचा थर उतरवायला किती कष्ट पडतात, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली, आणि त्याने दहाव्या लेण्यात भिंतीवर आपलं नाव कोरलं. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी चित्रांच्या प्रती काढायला घेतल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी हेच काम करत होते. चित्रं काजळी-धुळीने मंद झालेली. ती स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश लावलं गेलं. त्या वेळी चित्रं उजळली, पुढे तेच वॉर्निश पिवळं पडून तडकू लागलं. गंमत पाहा, त्या प्रतींचाही मोठा भाग आगीत गेला. गिल यांच्या प्रती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, आणि ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या.

मग निजामाच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी प्रमुख असताना, १९२० ते १९२२ च्या दरम्यान इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, चित्रं साफ केली. ते काम फार मोलाचं होतं, त्यामुळे पुष्कळ चित्रं वाचली. पण चित्रं घट्ट बसावीत म्हणून लाखेचं द्रावण वापरलं गेलं. लाख, म्हणजे सुतार पॉलिशला वापरतात ती चपडी, लाखेच्या किड्याच्या अंगातून निघते. ती जुनी झाली की गडद होते आणि सहज विरघळेनाशी होते. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना काजळी, वॉर्निश आणि लाख असे थर बोळ्याबोळ्याने, बोटभर जागा घेत काढावे लागले. त्याला कित्येक दशकं लागली.

कोणाचाच हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाने चित्र वाचवायलाच थर दिला. फक्त "हा उद्या निघेल का?" हे विचारायचं राहून गेलं. आज चित्रं आणि वास्तू जतन करणारे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात.

अजिंठ्याचा मातीचा गिलावा किड्यांनीही खाल्ला. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्याचे निवृत्त रसायनशास्त्रज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतीशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं दाखवलं. त्यांचं म्हणणं असं, की अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, तिथल्या चित्रांचा जवळपास पाव हिस्सा किड्यांनी नासला. वेरूळला तसा उपद्रव दिसत नाही. त्याच वेरूळला ३० ते ३४ क्रमांकाची आपली जैन लेणी आहेत. इंद्रसभेत गेलात तर मूर्तींचं दर्शन झाल्यावर एकदा मान वर करून छताकडेही पाहा. तिथे जुन्या रंगांचे अवशेष अजून आहेत. किड्याला मारण्यापेक्षा त्याने यावंच नाही अशी भिंत करणं, ही खरी जयणा.

आता आपल्या भिंतीकडे

जुना कागद काढायचा झाला, तर माझा क्रम असा:

चातुर्मासात हात घालू नका. दिवाळीनंतर, भिंत सुकलेली आणि जीवजंतू कमी असताना काढा. खळ हे कसरीचं आवडतं खाणं, म्हणून सुटलेली कड आधी हळूच उचला, आत पाहा, आणि पूंजणीने जीव बाजूला करून मगच पुढे जा.

खोलीतलं मेन स्विच बंद करा. हल्लीच्या बहुतेक कागदांचा वरचा प्लास्टिकचा पापुद्रा कोरडाच सोलून निघतो. मागे पातळ कागद उरतो. तो कोमट पाण्याने, स्पंजाने भिजवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. घाई केली की पुट्टीचे खपले निघतात. आपल्या घरांत पुट्टी किंवा पीओपी असतं, त्यामुळे पाणी बेताचंच. मग रुंद पट्टी भिंतीला जवळजवळ आडवी धरून खालून वर सरकवा. उरलेली खळ ओल्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर नव्या रंगाखाली पुन्हा तीच मेजवानी.

मागे काळे-हिरवे डाग दिसले, तर ते लीलफूल. कोरडं खरवडू नका, उडून घरभर होतं. आधी ओल कुठून येते ते शोधा: बाहेरची चीर, बाथरूमची भिंत, वरच्या मजल्याचा पाइप. ती बंद होईपर्यंत कोणताही रंग व्यर्थ आहे.

घर जुनं असेल आणि कागदाखाली जुना ऑइलपेंट निघाला, तर पॉलिश पेपरने कोरडा घासू देऊ नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांहून जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. अशा वेळी ओलं करूनच घासायचं, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी घराबाहेर ठेवायचं, आणि कामगाराला चांगला मास्क आपण द्यायचा. त्याचा जीवही जीवच आहे.

भिंत निदान आठवडाभर उघडी ठेवा. हवा लागू द्या. मगच रंग.

आणखी एक भिंत

शेवटी, जे सांगण्यासाठी हे सगळं लिहिलं. घराची भिंत चुकली तर पुढच्या दिवाळीला दुरुस्त होते. पण आपल्या जुन्या देरासरांच्या भिंतींचं काय? जीर्णोद्धाराच्या सभेत आपण बायका मागे बसतो, बोली लागते, आणि ठरतं की जुना चुना काढून मार्बल लावायचा, नाहीतर चित्रांच्या भिंतीवर टाइल बसवायची. सगळं भक्तीनेच. अजिंठ्याला लाखही सद्भावनेनेच लागली होती.

पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा. या भिंतीखाली काय आहे, हे कोणी पाहिलं का? नवा थर पुढच्या पिढीला काढायचा झाला, तर खालचं न मोडता निघेल का? आणि आत ओल कोंडली, तर तिथे कोण कोण जन्माला येईल? प्रश्न विचारायला बोली बोलावी लागत नाही. उत्तर मिळालं नाही, तर जाणकाराला बोलावून भिंत दाखवेपर्यंत छिन्नी थांबवा, एवढा आग्रह धरा. पूर्वजांनी भक्तीने रंगवलेल्या भिंतीला आपल्या हातून हरताळ फासला जाऊ नये.

जय जिनेंद्र.