ॲटवुडची कप्पी

केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुडपुढची अडचण शिक्षकाची होती. मोकळी सोडलेली वस्तू पहिल्याच सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडते. विद्यार्थ्यांनी मोजायचे कसे? १७८४ च्या ग्रंथात त्याने आपले यंत्र वर्णिले. कप्पीवरून दोरा, टोकांना समान वजने, एकावर लहानशी जादा पट्टी. पडणे संथ झाले. खरी गंमत पुढेच आहे. वाटेतल्या कड्यातून वजन पार होई, पट्टी मात्र अडकून राही. आणि वजन मिळवलेल्या वेगानेच खाली जात राही. बल संपले, गती नाही!

वर्गात साध्या कप्पीवर दोन सारखी वजने टांगा, एक खाली ओढून धरा. सोडण्यापूर्वी मुलांना अंदाज विचारा. ‘पुन्हा समपातळीत येतील’ म्हणणारे बरेच निघतात. वजने मात्र जागची हलत नाहीत.