तंजावरची गोळी आणि तंजावरचा कागद

तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथि स्वामींच्या देवळाभोवती ज्या अरुंद गल्ल्या आहेत, त्यांत फिरताना परगावच्या माणसाचे लक्ष एका प्रकारच्या दुकानांकडे सहज जाते. ‘नाट्टु मरुंदु कडै’ असे त्यांना तमिळमध्ये म्हणतात. नाट्टु मरुंदु म्हणजे देशी औषध. ज्येष्ठमध, सुंठ, हिरडा, पिंपळी, वावडिंग अशी आपल्या आजीबाईच्या बटव्यातली सारी मंडळी येथे निराळी नावे धारण करून बसलेली आढळतात. थोडे पुढे गेले की वालाजाह मशिदीचा भव्य विस्तार लागतो. अर्काटचे नवाब अठराव्या शतकात चेपाकला येऊन राहिले, तेव्हा त्यांच्या आश्रयाने युनानी हकिमांची विद्याही या भागात रुजली. सिद्ध, आयुर्वेद आणि युनानी अशा तीन परंपरा येथे शेजारधर्माने नांदत आल्या आहेत.

या दुकानांवर एक वाक्य वारंवार कानी पडते: ‘देशी औषध आहे, गुण आला नाही तरी अपाय होणार नाही.’ हेच वाक्य पुण्यात, नागपुरात आणि बेळगावातही ऐकू येते. त्याची सत्यासत्यता पाहण्यासाठी कोणत्याही परकीय टीकाकाराकडे जाण्याचे कारण नाही. या दक्षिण देशात मराठ्यांनी जे राज्य केले, त्या तंजावरचाच इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘तंजावरची गोळी’ या नावाने एक औषध मद्रास इलाख्यात फार गाजत होते. सर्पदंशावरील हे हमखास औषध असा तिचा लौकिक होता. त्या गोळीत सोमल, पारा, मिरे, जमालगोट्याच्या बिया आणि काही विषारी मुळ्या पडत. सोमल म्हणजे साक्षात विष. विषावर विष हा विचार आपल्याकडे नवा नव्हता; परंतु दंश झालेल्या माणसाच्या पोटात आणखी एक विष घालावयाचे, तर त्याच्या गुणाची खात्री नको का?

ही खात्री करून घेण्याचे काम पॅट्रिक रसेल या वैद्याने केले. कंपनी सरकारच्या सेवेत असताना त्याने या किनाऱ्यावरील सर्पांचा अभ्यास केला आणि १७९६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने प्राण्यांना सर्पदंश करवून या गोळीची परीक्षा पाहिली. गोळीच्या कीर्तीला साजेसा पुरावा त्याला मिळाला नाही. त्याच अभ्यासातून दुसरीही एक गोष्ट स्पष्ट झाली, ती अशी की आपल्याकडील बहुतेक साप निर्विष असतात. अशा सापाने चावलेला माणूस गोळी घेवो वा न घेवो, वाचतोच. आणि वाचला की श्रेय गोळीला मिळते. जो दगावला, त्याच्याविषयी मात्र ‘उशीर झाला’ असे म्हणून लोक मोकळे होतात. औषधाची कीर्ती कशी वाढते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

ही झाली तंजावरची एक बाजू. दुसरी बाजू सरफोजी राजांची. १७९८ साली ते गादीवर आले आणि १८३२ पर्यंत राहिले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला आणि राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याच्या भोवतीचा अल्प प्रदेश एवढाच उरला. तलवार म्यान झालेल्या या मराठी राजाने आपले सारे सामर्थ्य विद्येकडे वळविले. सरस्वती महालातील हजारो हस्तलिखिते सर्वांना परिचित आहेत. धन्वंतरी महालाची वार्ता त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींच्या जाणकारांना एकत्र आणून औषधांचे काम चाले. अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यात गुंफून घेण्यात आले. ‘शरभेंद्र वैद्य मुरै’ या नावाने ओळखले जाणारे हे ग्रंथ पुढे सरस्वती महालाने छापून प्रसिद्ध केले.

परंतु त्या पद्यांहूनही मोलाचे असे काही कागद तेथे जपून ठेवलेले आहेत. सरफोजींच्या काळी ज्या नेत्ररोग्यांवर उपचार झाले, त्यांची ही टिपणे होत. रोगी कोण, डोळ्याला काय झाले, कोणता उपचार केला, हे त्यांत नोंदलेले असून डोळ्याची रंगीत चित्रेही काढलेली आहेत. योगाचे पद्य आणि रोग्याचा कागद यांत जो भेद आहे, तो ध्यानी घेण्याजोगा आहे. पद्य मुखोद्गत होते, पिढ्यान् पिढ्या टिकते. पण ते औषधाचे गुण गाते. अमुक रोग्याला ते मानवले नाही, तमुक रोग्याला त्याने उलट्या झाल्या, असे पद्यात कोणी गुंफीत नाही. कागदाचा धर्म निराळा. त्यावर एकेका माणसाचे नाव असते, म्हणून त्याला खोटी स्तुती करता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या आश्रयाने झाल्या. त्यांतली पहिली आपण डोक्यावर घेतली आणि दुसरी विसरलो.

विसाव्या शतकात मद्रासला हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९१८ साली सरकारने डॉ. कोमन यांना देशी औषधांच्या संशोधनासाठी नेमले. त्यांनी काही औषधांचा उपयोग मान्य केला, पण देशी पद्धती अशास्त्रीय आहेत असा कठोर अभिप्राय दिला. वैद्यमंडळी संतप्त झाली. शास्त्र न शिकलेल्याने शास्त्राचा न्याय करावा, हे त्यांना रुचणे शक्यच नव्हते. नंतर १९२१ साली मुहम्मद उस्मान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने वैद्य, सिद्ध आणि हकीम यांच्याकडूनच माहिती मागविली आणि १९२३ साली या पद्धतींच्या बाजूने अहवाल दिला. त्यातून १९२५ साली मद्रासला देशी वैद्यकाची सरकारी शाळा निघाली. समितीचे चिटणीस, पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले श्रीनिवासमूर्ती, तिचे पहिले प्रमुख झाले. एका अहवालाने अभिमान दुखावला, दुसऱ्याने तो सुखावला. देशी वैद्यक शास्त्रीय की अशास्त्रीय, या वादाच्या धुळीत रोग्याचा कागद मात्र मागेच राहिला.

स्वातंत्र्यानंतर कायदा पुढे आला. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ साली दुरुस्ती होऊन देशी औषधे त्याच्या कक्षेत आली. नियमांना जोडलेल्या एका परिशिष्टात बचनाग, कुचला, जमालगोटा, धोतरा, पारा, सोमल, हरताळ अशा विषद्रव्यांची यादी आहे. ती ज्या पोटात घ्यावयाच्या औषधांत असतील, त्यांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. म्हणजे देशी औषधाने अपाय होत नाही, हे खुद्द देशी शास्त्रालाही कधी मान्य नव्हते. तसे असते तर शोधन, मारण, मात्रा, अनुपान आणि पथ्य यांचा एवढा पसारा आचार्यांनी कशाला मांडला असता?

हे शोधन चुकले किंवा मुळीच झाले नाही तर काय घडते, ते २००४ साली दिसून आले. अमेरिकेतील बॉस्टन शहरात दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमलाचा अंश आढळला. ही औषधे दक्षिण आशियात तयार झालेली होती. पुढे २००६ पासून भारताबाहेर जाणाऱ्या वनस्पतिजन्य देशी औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची करण्यात आली. परदेशी गिऱ्हाइकाच्या पोटाची ही काळजी योग्यच आहे. पण आपल्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाला पोट नसते असे थोडेच आहे!

आजही जुन्या ग्रंथातला योग त्याच ग्रंथात सांगितलेल्या रोगासाठी करावयाचा असेल, तर परवान्यासाठी सुरक्षिततेचा नवा अभ्यास मागितला जात नाही. म्हणजे अजून आपला भरवसा पद्यावरच आहे. त्याला जोड म्हणून देशी औषधांचे दुष्परिणाम नोंदविण्याची व्यवस्था २००८ साली सुरू झाली आणि २०१७-१८ च्या सुमारास केंद्रीय योजना म्हणून ती नव्याने उभारण्यात आली. चेन्नईच्या तांबरम भागातील राष्ट्रीय सिद्ध संस्थेकडेही तीत काम सोपविण्यात आले. ही सरफोजींच्या कागदाचीच पुढची आवृत्ती म्हणावयाची. परंतु कागद आपोआप भरत नाही. दप्तरात काम करणाऱ्यास हे चांगले ठाऊक असते की, ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही असे कालांतराने ठरते.

म्हणून ज्यांना देशी वैद्यकाविषयी प्रेम आहे, त्यांच्यावरच नोंदीची जबाबदारी अधिक आहे. पुडीवर औषधाचे नाव, घटकद्रव्ये आणि परवाना क्रमांक नसेल तर ती घेऊ नये. भस्म किंवा रसौषधी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नये. गर्भवतीला आणि लहान मुलाला तर मुळीच देऊ नये. डॉक्टरांची औषधे चालू असतील तर वैद्यांना ते सांगावे आणि वैद्यांची चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे. यात कोणाचाही अपमान नाही. सर्पदंश झाल्यास कोणत्याही गोळीच्या नादी न लागता तडक रुग्णालय गाठावे. आणि औषध बाधले तर लाज न बाळगता ते लिहून कळवावे.

तंजावरच्या मराठ्यांनी आपल्याला वैद्यकाचा वारसा दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वारशात गोळी आहे, पद्य आहे आणि कागदही आहे. गोळीची परीक्षा एका परक्याने केली. पद्ये विद्वानांनी छापली. कागद पुढे भरीत राहण्याचे काम तेवढे आपल्या वाट्याला आले आहे.