ब्रेक कोणासाठी? जॅग्वार एक्सके १२० आणि मूळपणाचा प्रश्न

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की हा तत्त्वज्ञानाचा माणूस गॅरेजमध्ये कुठे शिरला. तर मी शिरलोय तो एका जुन्या प्रश्नाचा पाठलाग करत. प्रश्न असा : एखाद्या वस्तूचा भाग बदलला, तर ती वस्तू तीच राहते का? वर्गात हा प्रश्न शिकवताना मी जहाजांची आणि रथांची उदाहरणं द्यायचो. आज एका मोटारीचं देतो, कारण मोटारीच्या बाबतीत या प्रश्नाला जिवाची किंमत आहे.

मोटार आहे जॅग्वार एक्सके १२०. १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. युद्ध संपून तीनच वर्षं झालेली, इंग्लंडमध्ये अजून रेशनिंग चालू. अशा काळात ही लांब नाकाची, उतरत्या पाठीची गाडी. ३.४ लिटरचं इंजिन, १६० अश्वशक्ती. नावातला १२० हा आकडा म्हणजे ताशी १२० मैल, आपल्या हिशेबात साधारण १९३ किलोमीटर. लोकांना खरं वाटेना. म्हणून १९४९ च्या मे महिन्यात बेल्जियममधल्या जबेका इथल्या सरळ रस्त्यावर गाडी पळवून दाखवली, तेव्हा ती ताशी १३२ मैलांच्याही पुढे गेली. १९५४ पर्यंत अशा सुमारे १२,००० गाड्या बनल्या. आज जगभरचे हौशी लोक त्या जपतात, चालवतात. आणि त्यांच्यात एक वाद कायम चालू असतो : हिचे मूळचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवावेत की नाही?

वाद समजून घ्यायचा तर आधी ब्रेक काय करतो ते पाहू. आपण म्हणतो ब्रेक गाडी थांबवतो. पण गाडीत साठलेली गतीची ऊर्जा काही नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. साधा हिशेब करा. १,३०० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरने चालली आहे. ती एकदा पूर्ण थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यात चार लिटर पाणी उकळीला येईल. तीच गाडी ताशी ८० ने चालली असती तर एक लिटरच. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. हा चौपटीचा हिशेब लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारं एक लोखंडी डबडं. आत दोन अर्धगोल शू, त्यांवर लायनर. पेडल दाबलं की शू बाहेर सरकतात आणि ड्रमच्या आतल्या अंगाला घासतात. युक्ती चांगली आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. पण सगळी उष्णता डब्यात कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर जातो. लायनरची पकड कमी होते. पेडल खाली खाली जायला लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही. बोरघाट किंवा कसारा घाट उतरताना जाणता ट्रकवाला खालच्या गिअरमध्ये का उतरतो, त्याचं कारण हेच. तो ब्रेक तापू देत नाही.

एक्सके १२० मध्ये नेमका हाच दोष होता. चाकं बंद तबकडीसारखी, मागच्या चाकांवर देखण्या झाकणपट्ट्या, त्यामुळे ब्रेकला वारा लागायचाच नाही. गाडीचं सौंदर्यच तिच्या ब्रेकच्या मुळावर आलेलं. इंजिन पुढच्या काळातलं आणि ब्रेक मागच्या काळातले, अशी ती गाडी होती.

आता थोडं मागे जाऊ. ब्रेकचा इतिहास तसा नम्र माणसांचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं की घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावतात. त्यातून त्याला घर्षणाच्या चांगल्या अस्तराची कल्पना सुचली असं सांगतात. फेरोडो हे लायनरचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ते त्याच्याच आडनावातल्या अक्षरांवरून आलं. डिस्क ब्रेकही नवा नव्हे. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. पण त्याने घासायला तांबं वापरलं, आणि ते भयंकर किंचाळायचं. कल्पना बरोबर होती, पण तिला पेलणारा पदार्थ अजून आला नव्हता.

डिस्कचं तत्त्व सोपं. डब्याऐवजी उघडी तबकडी, आणि कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तबकडी उघडी असल्याने वारा लागतो. आणि तापून ती फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. ड्रममध्ये उष्णता शत्रू होते, इथे ती तेवढी शत्रू होत नाही.

युद्धानंतर डनलॉप कंपनीकडे विमानांच्या ब्रेकचा अनुभव होता. जॅग्वार आणि डनलॉप यांनी मिळून हे ब्रेक शर्यतीच्या सी-टाइप गाडीवर आणले. १९५२ च्या मे महिन्यात स्टर्लिंग मॉस आणि नॉर्मन ड्यूइस ती गाडी घेऊन इटलीतल्या मिले मिल्या शर्यतीत उतरले. शर्यत पुरी झाली नाही. पण जूनमध्ये फ्रान्समधल्या रँस इथे मॉस जिंकला, आणि डिस्क ब्रेकच्या गाडीचा तो पहिला शर्यतविजय ठरला. पुढच्या वर्षी ल माँची चोवीस तासांची शर्यत. तिथे जवळपास सहा किलोमीटरचा सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला एकदम मंद वळण. दर फेरीला तेच : पूर्ण वेग, मग जोरात ब्रेक. चोवीस तास. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत ताशी १०५ मैलांहून जास्त सरासरीने जिंकली. ल माँला शंभरी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ.

इथे क्षणभर थांबा. सरासरी वेग वाढला त्याला एक मोठं कारण ब्रेक होता. ज्याला उशिरा ब्रेक लावता येतो, तो जास्त वेळ वेगात राहू शकतो. ज्याला थांबता येतं, त्यालाच जोरात जाता येतं. आपण संयम आणि स्वातंत्र्य यांना एकमेकांचे वैरी समजतो, तिथेही हे लागू पडतं असं मला वाटतं, पण ते पुन्हा कधीतरी.

१९५७ मध्ये एक्सके १५० आली, चारही चाकांना डिस्क घेऊन. म्हणजे एक्सके १२० चा दोष तिच्या निर्मात्यांनीच ओळखला आणि तिच्याच वंशात दुरुस्त केला. आजचा मालक आपल्या १२० ला १५० चे ब्रेक बसवतो, तेव्हा तो परकं काही करत नसतो. घराण्यात पुढे जे झालं, ते तो मागच्या पिढीला देतो.

मग विरोध का? विरोध करणारा म्हणतो, ही गाडी १९५० सालची साक्ष आहे. त्या काळी लोक कसे चालवत, किती अंतर राखत, कुठे घाबरत, हे त्या ब्रेकच्या पेडलमध्येच आहे. ते काढलंत तर साक्षीदाराच्या तोंडी तुमचे शब्द घातलेत. मला हा युक्तिवाद हलका वाटत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला तो समजायलाच हवा.

इथे आपले जुने रथ आणि जहाजं मदतीला येतात. प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली : कुजलेल्या फळ्या एकेक बदलत गेले, तर जहाज तेच का? हॉब्जने १६५५ मध्ये तिला पीळ दिला : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून त्यांचंच जहाज पुन्हा बांधलं, तर खरं कुठलं? आणि आपल्याकडे मिलिंदप्रश्न. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) मिलिंद महाविद्यालयाला ज्या राजाचं नाव आहे, त्याला भिक्षू नागसेन विचारतो की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? एकेक भाग नाकारत शेवटी कळतं, की भागांच्या एकत्र येण्याला आपण व्यवहारात रथ म्हणतो.

नागसेनाच्या बाजूने पाहिलं तर मूळपणा कुठल्या एका ड्रममध्ये बसलेला नाही. पण हॉब्ज एक व्यावहारिक धडा देतो : काढलेली फळी फेकू नका. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे फिवाने, जी ट्यूरिन सनद केली, तिचा रोखही असाच आहे. बदल करावा लागला तर कमीत कमी करा, परत फिरवता येईल असा करा, मूळ भाग जपा. आपल्याकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले, त्यांतही मूळ रूप टिकवण्याची अट आहे, आणि भर चॅसी, बॉडी, इंजिन यांवर आहे.

पण या सगळ्या चर्चेत एक माणूस हजर नाही. तो म्हणजे रस्त्यावरचा दुसरा माणूस.

११ जून १९५५, ल माँ. माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटमध्ये शिरण्यासाठी ब्रेक लावते. मागच्या लान्स मॅकलिनची ऑस्टिन-हीली तिला चुकवायला डावीकडे सरकते. तिच्या मागून पिएर लेव्हेची मर्सिडीज प्रचंड वेगाने येते, हीलीवर चढते आणि प्रेक्षकांच्या बाजूला उडते. ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले, लेव्हेही गेला. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते, जोडीला मागे उभं राहणारं वाऱ्याचं झाकण. म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही. चौकशीत कुठल्याही चालकाला दोषी धरलं नाही, रस्ता आणि पिट यांची रचनाच त्या वेगासाठी नव्हती. मी एवढंच म्हणतो की जे मेले, त्यांतल्या बहुतेकांच्या हातात स्टिअरिंग नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं. गाडीचा रंग, चामडं, इंजिनचा आवाज हे मालकाचं आणि इतिहासाचं आहे. ब्रेक तेवढा त्या दोघांचाच नाही. पुढे चाललेल्या सायकलवाल्याचा, रस्ता ओलांडणाऱ्या मुलीचाही त्यात वाटा आहे. १९५० मध्ये रस्त्यावरच्या इतर गाड्याही हळूच थांबायच्या, त्यामुळे सगळे एकमेकांपासून अंतर राखायचे. आज पुढची गाडी क्षणात थांबते, आणि तुम्ही पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या ड्रमवर तिच्या मागे असता. ब्रेक तोच आहे, पण भोवतालचा रस्ता बदललाय. संग्रहालयात उभी राहणारी गाडी मूळ ठेवा, खुशाल. रस्त्यावर येणारीला रस्त्याचं देणं द्यावं लागतं.

आणि बदल करायचाच तर क्रम पाळा, नाहीतर सुरक्षेच्या नावाने नवा धोका. आधी जे आहे ते धड करा. रबरी होज आतून फुगतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मग तापल्यावर आत वाफ होते. ते दर दोन वर्षांनी बदलावं. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत तेलाचा मार्ग एकच, एक गळती झाली की सगळंच गेलं. म्हणून पुढचा-मागचा मार्ग वेगळा करणारा मास्टर सिलिंडर ही डिस्कच्याही आधीची सुधारणा. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, पायाला जोर जास्त लागतो, म्हणून सर्व्होचा विचार करा. पुढचा-मागचा तोल सांभाळा. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी फिरते. आणि ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. जुने शू घासताना तर विशेष जपा, त्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

शेवटी, काढलेले ड्रम नीट गुंडाळून, तारीख आणि कारण लिहून फळीवर ठेवा. पन्नास वर्षांनी कुणी ती चिठ्ठी वाचेल. त्याला १९५० सालचा ब्रेकही कळेल, आणि तो कुणासाठी काढून ठेवला तेही कळेल. माझ्या मते ही दुसरी गोष्टही गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे.

इथे थांबतो.